अनवाणी धावपटूंची गोष्ट आणि एकच पत्र

पेटची तयारी करणाऱ्या एका ज्युनियरने मागच्या आठवड्यात सिनॉप्सिसचा मसुदा वाचायला दिला. विषय मस्त आहे: दोन महायुद्धांमधलं ऑलिम्पिक आणि महाराष्ट्र. दुसऱ्याच पानावर हे वाक्य होतं: पुण्यात अनवाणी धावणाऱ्या शेतकरी पोरांच्या वेळा युरोपच्या तोडीच्या होत्या, ते पाहून सर दोराबजी टाटांनी 1920 साली भारताचा संघ अँटवर्पला पाठवला. खाली चार संदर्भ. चारही उघडून मागे मागे गेलो, तर सगळे एकाच कागदाशी येऊन थांबतात. तो कागद म्हणजे टाटांनी 1929 साली आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अध्यक्षांना, काउंट बाये-लातूर यांना लिहिलेलं पत्र. मोजायला संदर्भ चार, साक्षीदार एक.

ही गोष्ट तुम्हीही कुठे ना कुठे वाचली असेल. एका लेखातून दुसऱ्यात ती जवळपास जशीच्या तशी जाते, आणि हे ओळखायची एक सोपी खूण आहे. बऱ्याच ठिकाणी मुंबईच्या गव्हर्नरचं नाव 'लॉइड जॉर्ज' असं छापलेलं दिसेल. लॉइड जॉर्ज तेव्हा ब्रिटनचे पंतप्रधान होते. मुंबईचे गव्हर्नर होते सर जॉर्ज लॉइड. एकच चूक वेगवेगळ्या लेखांत सापडली की समजायचं, मूळ कागदाकडे कोणी गेलेलं नाही.

पण मूळ पत्रही डोळे मिटून घ्यायचं नाही. टाटा त्यात सांगतात, की डेक्कन जिमखान्याचे ते अध्यक्ष झाले तेव्हा स्पर्धेत उतरलेली पोरं शेतात राबणारी, साध्या खाण्यावर जगणारी होती. शंभर यार्डांची शर्यत वळणावरून आणि आखलेल्या पट्ट्यांशिवाय घ्यायचा बेत होता. लांब पल्ल्याचे धावपटू अनवाणी धावले आणि त्यांच्या वेळा चांगल्या निघाल्या. मग गव्हर्नरशी बोलणं झालं आणि संघाची कल्पना पुढे सरकली.

आता तारीख बघा. पत्र घटनेनंतर दहा वर्षांनी लिहिलेलं आहे. 1927 साली स्थापन झालेल्या भारतीय ऑलिम्पिक असोसिएशनचे टाटा पहिले अध्यक्ष. 1928 मध्ये ती खुर्ची पतियाळाच्या महाराजा भूपिंदरसिंगांकडे गेली. त्याच वर्षी अ‍ॅमस्टरडॅमला भारताने हॉकीचं सुवर्ण जिंकलं. भारतात ऑलिम्पिकची सुरुवात कशी झाली हे ऑलिम्पिकच्या सर्वोच्च माणसाला सांगताना, सुरुवात करणारा माणूस स्वतःची गोष्ट थोडी रेखीव करेलच. टाटा खोटं बोलले असं मी म्हणत नाही. मैदान तयार करणारी, पावत्या फाडणारी, शिट्टी वाजवणारी जिमखान्याची मराठी माणसं या गोष्टीत अंधारात राहतात, एवढंच म्हणतो. जिमखाना 1906 पासून चालू होता. तो टाटांची वाट पाहत थांबलेला नव्हता.

गंमत म्हणजे पत्रातला मला सगळ्यात भरवशाचा वाटणारा तपशील वळणावरच्या शर्यतीचा आहे. तो कोणाला मोठं करायला लिहिलेला नाही, ओघात आलाय. त्यातून पुण्याचं मैदान दिसतं आणि टाटांची नजरही दिसते. इंग्लंडमध्ये शिकलेल्या माणसाला जे अडाणीपण वाटलं, ती त्या मैदानाची स्वतःची रीत असू शकते.

'वेळा युरोपच्या तोडीच्या' या दाव्याचं काय? पुण्याच्या शर्यतीचं अंतर आणि घड्याळ आपल्या हातात नाही. पण अँटवर्पची नोंद आहे, आणि विज्ञानवाल्यांना यात हात घालायला हरकत नाही. 22 ऑगस्ट 1920 च्या मॅरेथॉनमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले 2 तास 50 मिनिटं 45.4 सेकंदांत एकोणिसावे आले. फिनलंडचे हानेस कोलेहमाइनेन 2:32:35.8 मध्ये जिंकले. फरक अठरा मिनिटांचा, म्हणजे चौगुल्यांना विजेत्यापेक्षा जवळपास 12 टक्के जास्त वेळ लागला.

थांबा, एक अडचण आहे. अँटवर्पचं अंतर 42.195 किलोमीटर नव्हतं, 42.75 होतं. आजच्या मॅरेथॉनच्या वेळेशी तुलना करून कोणी चौगुल्यांना संथ ठरवत असेल, तर 555 मीटर विसरतोय. सरासरी वेग तोच धरला (किलोमीटरला साधारण चार मिनिटं), तर 42.195 ला त्यांची वेळ 2:48:32 च्या आसपास येते. शेवटचे मीटर सरासरीपेक्षा हळू जातात, त्यामुळे हा अंदाज काटेकोर नाही, पण दिशा कळते. युरोपच्या विजेत्यांच्या तोडीचं हे धावणं नाही. जवळपास पन्नास धावपटूंत एकोणिसावं येणं मात्र भक्कम आहे, आणि त्याला अनवाणी पायांच्या दंतकथेचा टेकू लागत नाही. त्याच शर्यतीत उतरलेले सदाशिव दातार अंतर पूर्ण करू शकले नाहीत. म्हणून गोष्टीत त्यांना जागाच नाही.

कुस्तीगीर रणधीर शिंदे यांचंही तसंच. फेदरवेटमध्ये ते कांस्यपदकाच्या कुस्तीपर्यंत पोचले आणि ब्रिटनच्या बर्नार्डकडून हरले. परदेशी नोंदींत त्यांचं आडनाव शेवटी 'स' लावून येतं, 'शिंदेस'. आर्काइव्हमध्ये शोधताना दोन्ही स्पेलिंग टाकून बघा, नाहीतर माणूसच सापडणार नाही. आणि या पहिलवानाला 'अनवाणी शेतकरी पोरं' या शब्दांत कसं बसवणार? बंगालचे पूर्मा बॅनर्जीही संघात होते. टाटांनी जिमखान्याच्या स्पर्धेबद्दल जे लिहिलं, ते नंतरच्या लेखकांनी अख्ख्या संघाला चिकटवलं.

मग पत्राबाहेर बघायचं कुठे? अँटवर्पचा अधिकृत अहवाल फार उपयोगाचा नाही. आयोजकांकडचे पैसे संपले, आणि बेल्जियमच्या समितीने टंकलिखित अहवाल जुळवला तो 1957 साली. माझ्या मते पुण्याची त्या काळातली वर्तमानपत्रं, 'केसरी' आणि 'ज्ञानप्रकाश', 1919-20 चे अंक एकेक पान करून चाळायला हवेत. फक्त हे लक्षात ठेवा: 1 ऑगस्ट 1920 ला टिळक गेले आणि मॅरेथॉन झाली तीन आठवड्यांनी. त्या महिन्यात पुण्याच्या पेपरात एकोणिसाव्या क्रमांकाला किती जागा मिळेल? डिसेंबरात तर आपल्या नागपुरातच काँग्रेसच्या अधिवेशनाने असहकारावर शिक्कामोर्तब केलं. बातमी सापडली नाही तर 'लोकांना पर्वा नव्हती' असं लिहून मोकळं होऊ नका. आधी त्या पानांवर दुसरं काय छापलंय ते बघा.

ज्युनियरचं वाक्य आम्ही बसून बदललं. आता ते असं आहे: "1929 च्या पत्रात दोराबजी टाटा सांगतात, की डेक्कन जिमखान्यातल्या अनवाणी धावपटूंच्या वेळा पाहून त्यांना ऑलिम्पिक संघाची कल्पना सुचली; त्या वेळांची स्वतंत्र नोंद या प्रबंधात शोधली जाईल." चारपैकी तीन संदर्भ गेले. तिचा चेहरा थोडा पडला, कारण सिनॉप्सिसचं पान रिकामं दिसायला लागलं. पण पुण्याला जायचं तिकीट तिने परवा काढलंय.