भारत–मॉरिशस करारातील व्याजावरील करकपात : एक चिकित्सा

प्रस्तावना :
दुहेरी कर टाळण्याच्या करारांत व्याजविषयक कलम बहुधा दुर्लक्षित राहते. १९८२ च्या भारत–मॉरिशस कराराची चर्चाही प्रामुख्याने भांडवली नफ्याभोवती झाली. १० मे २०१६ रोजी स्वाक्षरी झालेल्या दुरुस्तीमुळे १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या समभागांवरील नफा भारतात करपात्र ठरला व पळवाट बुजल्याचे समाधान व्यक्त झाले. हे समाधान कितपत सार्थ आहे, हे अकराव्या कलमावरून तपासणे आवश्यक ठरते.

विवेचन :
मूळ करारात मॉरिशसच्या बँकांना मिळणारे व्याज भारतात करमुक्त होते. इतर धनकोंना मात्र कमाल दराचे संरक्षण नव्हते. त्यांना भारतीय कायद्याचा दर, विदेशी चलनातील कर्जावर सर्वसाधारणपणे २० टक्के, लागू होई. दुरुस्तीने बँकांची सवलत ३१ मार्च २०१७ पर्यंतच्या कर्जांपुरती सीमित केली, ही तिची जमेची बाजू होय. परंतु त्याचबरोबर सर्व हिताधिकारी मालकांसाठी ७.५ टक्क्यांची मर्यादा आली. सिंगापूरबरोबरच्या करारात हा दर बँकांसाठी १० व इतरांसाठी १५ टक्के आहे. म्हणजेच समभागांचा दरवाजा बंद करताना बिगरबँक कर्जाचा दरवाजा अधिक उघडला गेला. त्यातच व्याज भारतीय कंपनीच्या नफ्यातून वजा होते, लाभांश होत नाही. २०१७ च्या वित्त अधिनियमाने या वजावटीवर मर्यादा घातली खरी. पण ती सहयोगी परदेशी उपक्रमाने दिलेल्या अथवा हमी घेतलेल्या कर्जापुरतीच आहे.

दुसरा दोष आकारणीच्या पद्धतीत आहे. कर निव्वळ नफ्यावर नव्हे, तर ढोबळ व्याजावर कापला जातो. समजा, १०० कोटींच्या कर्जावर ९ कोटी व्याज मिळते व बँकेचा निधी उभारण्याचा खर्च ८ कोटी आहे. ७.५ टक्क्यांनी कर ६७.५ लाख होतो. म्हणजे १ कोटीच्या नफ्यातील दोन तृतीयांशाहून अधिक भाग. साहजिकच बँक कराचा भार ऋणकोवर टाकणारी अट करारनाम्यात घालते. मग ९ कोटी निव्वळ हाती पडण्यासाठी भारतीय कंपनीला सुमारे ९.७३ कोटी मोजावे लागतात.

निष्कर्ष :
एकच दर खऱ्या बँकेस जाचक, तर केवळ कागदोपत्री उभ्या असलेल्या धनकोस लाभदायक ठरतो. भांडवल आयात करणाऱ्या देशाने दर ठरविताना धनकोचे स्वरूप विचारात घेणे व हिताधिकारी मालकीची कसोटी काटेकोरपणे लावणे अगत्याचे आहे. अन्यथा करार दुहेरी कर टाळण्याऐवजी कर टाळण्याचेच साधन ठरेल.