‘घर्षणविद्युत’ : एका संज्ञेचे परीक्षण

शास्त्रीय संज्ञेने आपल्या विषयाचे संपूर्ण वर्णन करावे अशी अपेक्षा नसते. परंतु तिने अभ्यासकाची दिशाभूल करू नये, एवढी अपेक्षा रास्त होय. मराठी पाठ्यपुस्तकांत रूढ झालेली ‘घर्षणविद्युत’ ही संज्ञा या कसोटीस उतरत नाही.

दोन पदार्थ नुसते टेकून विलग झाले, तरी त्यांच्यात प्रभाराची देवघेव होते. घासण्याने प्रत्यक्ष स्पर्शाचे क्षेत्र वाढते व परिणाम ठळक होतो. ‘घर्षणाने प्रभार निर्माण होतो’ या नेहमीच्या वाक्यात तर दुहेरी दोष आहे. तृतीया विभक्ती सहायकास कारणाचा मान देते. आणि ‘निर्माण होतो’ हे क्रियापद देवघेवीचा अर्थच पुसून टाकते. एकास जितका ऋण प्रभार मिळतो, तितकाच धन प्रभार दुसऱ्याकडे उरतो.

हा दोष एकट्या मराठीचा नव्हे. युरोपीय भाषांतील ‘ट्रायबो’ हे पूर्वपदही घासण्याच्या अर्थाच्या ग्रीक धातूवरूनच आले आहे. ज्या अश्मीभूत राळेच्या ग्रीक नावावरून विल्यम गिल्बर्टने १६०० मध्ये विद्युतवाचक विशेषण घडविले, तिची पौर्वात्य नावे अधिक सावध आहेत. संस्कृत ‘तृणमणि’ आणि फारसी ‘काहरुबा’ ही दोन्ही गवताची काडी ओढण्याचा गुण सांगतात. कारणाचा दावा करीत नाहीत.

यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यात हा निव्वळ शब्दवाद ठरत नाही. जिनिंगमध्ये कातडी रुळांवर रुई ओढली जाते व सरकी खाली पडते. कापूस फार कोरडा असला, की प्रभारित रुई यंत्राच्या भागांना चिकटते. ओलावा सहा ते आठ टक्के असल्यास तंतूंवरील प्रभार साचून न राहता वाहून जातो. घर्षण दोन्ही वेळी होतच असते. ‘घर्षण’ एवढाच शब्द हाती असलेला विद्यार्थी उपाय वंगणात शोधील. जिनिंगवाला पाण्याचा बारीक फवारा देतो. (वजन वाढविण्यासाठी मारलेल्या पाण्याची गोष्ट निराळी.)

‘स्पर्शविद्युत’ ही संज्ञा अधिक प्रामाणिक, पण निर्दोष नव्हे. विल्केने १७५७ मध्ये पदार्थांची प्रभारानुसार क्रमवारी लावली. तथापि एकाच पदार्थाचे दोन तुकडेही परस्परांस प्रभारित करतात, आणि प्रभारित पृष्ठावर धन व ऋण ठिपके शेजारी शेजारी असतात, असे २०११ मधील संशोधनाने दाखविले. विद्युतरोधकांत स्थलांतर इलेक्ट्रॉनांचे, आयनांचे की पदार्थाच्या सूक्ष्म कणांचे, याविषयी अद्याप एकमत नाही.

उत्तरपदाकडेही पाहावे. ‘विद्युत’ म्हणजे मुळात आकाशातील वीज. ढगावर ढग घासून ती पडते, हा समज याच समासाने पोसला आहे. प्रत्यक्षात ढगाच्या पोटात हिमस्फटिक आणि मऊ गारा एकमेकांवर आदळून उसळतात, आणि त्या क्षणिक स्पर्शातच प्रभार वाटला जातो.