धर्माचा जमाखर्च आणि चोखोबांचे घर

धर्माने समाजाचे भले अधिक केले की वाईट अधिक, हा प्रश्न शाळा-महाविद्यालयांच्या वक्तृत्वस्पर्धांपासून विचारवंतांच्या परिसंवादांपर्यंत वर्षानुवर्षे विचारला जात आहे. एका बाजूने धर्मशाळा, अन्नछत्रे, संतवाङ्मय, दुःखात मिळणारा धीर यांची यादी वाचली जाते. दुसऱ्या बाजूने युद्धे, दंगली, सती, अस्पृश्यता यांची. मग दोन्ही याद्या तराजूत घालून 'धर्म चांगला, माणसे वाईट' असा गुळमुळीत निकाल दिला जातो. आमचा आक्षेप हिशेबाच्या या पद्धतीलाच आहे. जमा एकाच्या नावावर आणि खर्च दुसऱ्याच्या नावावर पडत असेल, तर त्यांची वजाबाकी करताच येत नाही. सावकाराचा नफा आणि कुळाचे कर्ज एकत्र मांडून 'गाव सुखी आहे' असे म्हणण्यासारखेच ते आहे.

हा मुद्दा हवेत ठेवण्याऐवजी चोखामेळ्याच्या घरापाशी नेऊन तपासावा. चौदाव्या शतकातील या महार संताच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग आहेत. पत्नी सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा आणि मेहुणा बंका यांच्याही नावावर अभंग आहेत. गावकुसाबाहेरच्या एका घरातील पाच माणसे आपापल्या नावानिशी बोलतात, ही मध्ययुगीन मराठीत साधी गोष्ट नव्हे. हे बोलणे वारकरी पंथामुळे शक्य झाले, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. ज्याला वेद ऐकण्याचीही बंदी होती, त्याला विठ्ठलाचे नाव घेण्यासाठी कोणाची परवानगी लागली नाही. भाषा घरचीच होती, छंद सोपा होता, नामदेवांसारखा सोबती होता. धर्माच्या जमेची बाजू मांडणाऱ्यांनी ही नोंद अवश्य करावी.

परंतु ज्या धर्माने नाव घेऊ दिले, त्याच धर्माने दार उघडले नाही. चोखोबांना विठ्ठलाच्या देवळात पाऊल टाकता आले नाही. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना ते कोसळले आणि इतर मजुरांबरोबर चोखोबाही त्याखाली गाडले गेले. ज्या कुसाबाहेर जन्म काढला, त्याच कुसाची भिंत अंगावर आली. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणल्या, त्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू येत होते आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली, असे परंपरा सांगते. कीर्तनकार ही कथा भक्तीचा विजय म्हणून रंगवितात. आम्हाला तिच्यात राबणारा देह दिसतो, आणि मेल्यानंतरही दाराबाहेरच राहिलेली जागा दिसते.

आता अभंगांकडे वळू. चोखोबांच्या नावावरील एका अभंगात आपल्या जन्माचे कारण सांगितले आहे: पूर्वी कृष्णाची निंदा घडली, म्हणून महाराचा जन्म आला, हा विटाळ त्या कर्माचे फळ. धर्माने केलेले सर्वांत खोल नुकसान या ठिकाणी आहे. बंद दार डोळ्यांना दिसते, त्यावर धडका मारता येतात. पण सोसणाऱ्याच्याच तोंडून सोसण्याचे समर्थन वदवून घेतले, की धडक मारणारा हातच उरत नाही. कर्मसिद्धान्ताची करामत हीच आहे. ज्याचे समाजाकडे येणे आहे, त्यालाच तो देणेकरी ठरवितो. मग व्यवस्थेच्या वहीत खर्च म्हणून काही दिसतच नाही, कारण तो गरिबाच्या मागल्या जन्माच्या नावे लिहिलेला असतो.

असे असूनही याच घरात वेगळे आवाज उठतात. चोखोबा स्वतःच इतर अभंगांत विचारतात की, विटाळातून कोण सुटला आहे? सोयराबाई हा प्रश्न अधिक नेटाने पुढे नेतात. विटाळ देहाचाच असेल तर तो प्रत्येक देहात जन्मापासून आहे. मग सोवळा कोण? शास्त्र्यांच्या भाषेला शास्त्र्यांवरच उलटविणारा हा तर्क आहे. आणि मुलगा कर्ममेळा तर्काच्याही पुढे जातो. तो देवालाच जाब विचारतो: आम्हाला हीन जात तू दिलीस, उष्टे खाण्यात जन्म गेला, याची तुला लाज कशी वाटत नाही? बापाने जे आपल्या कर्माच्या नावे टाकले होते, ते मुलगा देवाच्या नावे टाकतो.

दलित साहित्याच्या चर्चेत चोखोबांना आद्य दलित कवी म्हणावे की नाही, हा वाद जुना आहे. त्यांच्या शरणागतीमुळे त्यांना नाकारणाऱ्यांची चीड आम्हाला समजते. परंतु एका अभंगावरून माणूस मोडीत काढणे हे समीक्षेचे काम नव्हे. हे घर एकत्र वाचले तर शरणागती, शंका, तर्क आणि आरोप अशा चारही पायऱ्या एकाच उंबऱ्याच्या आत दिसतात. त्यांच्यापाशी जे नव्हते ते धैर्य नव्हे. देवाखेरीज जाब विचारायला जागा नव्हती, ही त्यांची अडचण होती. न्यायालय नव्हते, संघटना नव्हती, दुसरा धम्म समोर नव्हता. म्हणून आरोपसुद्धा प्रार्थनेच्या रूपात करावा लागला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला, याचा अर्थ या संदर्भात लावावा लागतो. त्यांनी चोखोबांचा मार्ग सोडला, पण चोखोबांना टाकले नाही.

या आरोपाचे धर्माने काय केले? तो गायला. टाळ-मृदंगाच्या गजरात गायला आणि दार बंदच ठेवले. चोखोबांच्या मृत्यूपासून पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले होईपर्यंत, म्हणजे १३३८ ते १९४७, सहाशे नऊ वर्षे गेली. देवापुढे सर्व समान हे वाक्य इतकी शतके खरे मानले गेले आणि देवाच्या दारात ते खोटे ठरत राहिले. इरावती कर्वे यांचा 'वाटचाल' हा लेख या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. पंढरीची वाट चालताना त्यांनी पाहिले की अभंग एक, पण दिंड्या जातवार आणि चुली वेगळ्या. त्यांना त्याची खंत वाटली. चुलीपासून दूर ठेवलेल्यांच्या दृष्टीने ती खंत नव्हती, रोजची वस्तुस्थिती होती.

दार उघडले तेही भजनाने नव्हे. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण केले, त्याआधी महाराष्ट्रभर दौरा करून लोकमत जागे केले. मंदिरप्रवेशाचा कायदाही त्याच वर्षी झाला. गुरुजी स्वतः धर्माच्या भाषेतच बोलत होते, हे नाकारण्याचे कारण नाही. पण आत जाता आले तरी गाभारा कोणाच्या ताब्यात, हा प्रश्न राहिलाच. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क रद्द करणारा कायदा १९७३ चा, आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाची अखेरची मोहोर उमटली २०१४ साली. दर्शनापासून हक्कापर्यंत आणखी सदुसष्ट वर्षे लागली.

आमचे काही बुद्धिवादी मित्र यावरून म्हणतील की, धर्म ही अफूच आहे, ती फेकून द्या. पण मार्क्सने १८४४ साली हे म्हणताना, धर्म हा खऱ्या दुःखाविरुद्धचा निषेधही आहे, असे त्याच परिच्छेदात नोंदविले होते, हे सहसा सांगितले जात नाही. कर्ममेळ्याचा अभंग हा असाच निषेध आहे. तो ऐकून घेणारा आणि त्याला उत्तर देण्यास बांधलेला धर्म असू शकतो काय, हा खरा प्रश्न आहे.

बाबासाहेबांनी तो अनुभवातून सोडविला. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. १९३४ साली भाऊराव गायकवाडांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्पष्ट केले की, अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून ही चळवळ नव्हती. त्यांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी म्हणून होती. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याची घोषणा झाली. १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या अभिभाषणात त्यांनी नियमांचा धर्म आणि तत्त्वांचा धर्म असा भेद केला. नियमांचा धर्म नष्ट केला पाहिजे, असे ते म्हणाले. धर्माची गरजच नाही, असे म्हणाले नाहीत. जोतीराव फुल्यांचे 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' १८९१ साली त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले, त्यातही ग्रंथप्रामाण्य गेले पण निर्मिक राहिला. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेब आणखी पुढे जातात. जगाची उत्पत्ती सांगणे हे धर्माचे काम, तर जगाची पुनर्रचना करणे हे धम्माचे, अशी त्यांची मांडणी आहे. म्हणजे कसोटी परलोकातून काढून दोन माणसांमधील व्यवहारावर आणून ठेवली.

या कसोटीचे तीन प्रश्न आम्हाला दिसतात. हा धर्म दुःखाचा दोष दुःखिताच्याच माथी मारतो काय? त्याच्यातील शेवटच्या माणसाला जाब विचारण्याचा आणि नियम बदलण्याचा अधिकार आहे काय? आणि त्याचा पैसा व श्रम कोठे जातात? गाडगेबाबांनी पंढरपुरात बांधलेली चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. यात्रेकरूंच्या निवाऱ्याची वास्तू शिक्षणसंस्थेच्या हाती आली. तिसऱ्या प्रश्नाचे याहून सरळ उत्तर दुसरे कोणते?

हे प्रश्न इतरांना विचारून थांबता येणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाने ते स्वतःच्या विहारातही विचारले पाहिजेत. लग्न जुळविताना पोटजात पाहणे आपल्यातून गेले काय? विहाराच्या समितीत बाई बोलते काय, की खीर वाटण्यापुरतीच असते? वर्गणीतून तोरण किती आणि अभ्यासिका किती? गरिबीला कंटाळलेल्याला आपण 'त्याच्या नशिबाने' असे सहज म्हणून जातो काय? म्हणत असू, तर कृष्णनिंदेची जुनी नोंद नव्या वहीत उतरली, असेच समजावे.

धर्म भला की बुरा, याचा निकाल व्यासपीठावर लागणार नाही. कर्ममेळ्याने विचारलेला जाब आज आपल्या वस्तीतला एखादा मुलगा विचारील, तेव्हा त्याला टाळ दिला जातो की उत्तर, यावर तो लागेल.