‘घोस्ट टाउन’मधील शोक

कॉव्हेंट्रीच्या ‘द स्पेशल्स’ या गोऱ्या-काळ्या तरुणांच्या वाद्यवृंदाने जमैकाचा नाचरा ‘स्का’ आणि इंग्लंडचा संतप्त ‘पंक’ एकत्र आणला; १९७९मध्ये ‘टू टोन’ ही स्वतःची ध्वनिमुद्रिका-संस्थाही काढली. मात्र त्यांची थोरवी या आरंभीच्या जोशात नाही. ती १९८१च्या ‘घोस्ट टाउन’मध्ये आहे. बेकारीने ओसाड झालेल्या शहराचे हे गीत अग्रस्थानी पोहोचले, तेव्हा ब्रिटनमध्ये दंगली पेटल्या होत्या. गीत मात्र ओरडत नाही. ठेका संथ, आणि त्यावर रिको रॉड्रिग्ज यांच्या ट्रॉम्बोनचा विलाप. हे वादन ते किंग्स्टनला धर्मभगिनींनी चालविलेल्या अल्फा शाळेत शिकले. (आपल्या पॅरिशच्या बँडवाल्यांनी ध्यानी घ्यावे!) यशाच्या त्याच वर्षी तिघे सदस्य वेगळे झाले. उरलेल्यांचे १९८४चे ‘फ्री नेल्सन मंडेला’ उमदे आहे. पण ती घोषणा, विलाप नव्हे.