आज्ञापालनाचे प्रयोग आणि संमतीचा प्रश्न : एक चिकित्सा

प्रस्तावना :
सामाजिक मानसशास्त्राच्या अध्यापनात स्टॅन्ले मिलग्रॅम यांच्या आज्ञापालनविषयक प्रयोगांचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. मात्र निष्कर्षांची महती सांगताना प्रयोगपद्धतीतील नैतिक प्रश्न आपण दोन वाक्यांत उरकतो. प्रस्तुत लेखात त्यांपैकी संमतीच्या प्रश्नाचा परामर्श घेतला आहे.

विवेचन :
अमेरिकेतील येल विद्यापीठात १९६१-६२ मध्ये हे प्रयोग झाले. स्मरणशक्तीविषयक अभ्यासाची जाहिरात वाचून आलेल्या सहभागींना, समोरची व्यक्ती चुकताच तिला वाढत्या तीव्रतेचे विजेचे धक्के देण्यास सांगितले गेले. धक्के खोटे होते. परंतु देणाऱ्याला ते खरे वाटत होते. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अहवालानुसार ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टपर्यंत गेले. त्यांचे थरथरणे, घाम फुटणे, अडखळणे यांचीही नोंद त्याच अहवालात आहे.

१९६४ मध्ये डायना बॉमरिंड यांनी या मानसिक क्लेशांवर व विश्वासभंगावर आक्षेप घेतला. त्याच वर्षी उत्तर देताना मिलग्रॅम यांनी सहभागींच्या प्रश्नावलीचा आधार घेतला. सुमारे ८४ टक्के सहभागींनी प्रयोगात भाग घेतल्याबद्दल समाधान व्यक्त केले होते. हे समर्थन वरकरणी बिनतोड वाटते, पण ते टिकत नाही. समाधान ही संमती नव्हे. संमती कृतीपूर्वी, वस्तुस्थिती जाणून आणि नकाराची वाट मोकळी असताना द्यावयाची असते. येथे तर थांबू पाहणाऱ्यास, पुढे जाण्यावाचून पर्याय नाही, असे बजावले जात होते.

याहून मोठी विसंगती प्रयोगाच्या निष्कर्षातच आहे. अधिकारी व्यक्तीपुढे सामान्य माणसाला नकार देणे किती कठीण जाते, हेच मिलग्रॅम यांनी दाखवून दिले. मग त्याच अधिकाऱ्याने पाठविलेल्या प्रश्नावलीतील होकार नि:शंकपणे स्वीकारावयाचा कसा?

हा प्रश्न येलपुरता मर्यादित नाही. महाविद्यालयातील संशोधनात प्राध्यापक बहुधा स्वत:च्याच वर्गात प्रश्नावल्या वाटतात. अंतर्गत गुण ज्यांच्या हाती, त्यांच्यासमोर संमतिपत्रावर स्वाक्षरी न करण्याचे धैर्य किती विद्यार्थी दाखवतील? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी, अधिकारश्रेणीमुळे स्वायत्तता कमी झालेल्या व्यक्तींत विद्यार्थ्यांचा समावेश केला आहे, तो उगीच नव्हे.

निष्कर्ष :
स्वाक्षरी मिळाली म्हणजे संमती मिळाली, हा समज सोडावा लागेल. माहिती त्रयस्थ व्यक्तीने गोळा करावी, कोणी नकार दिला हे अध्यापकास कळू नये व सहभागाचा गुणांशी संबंध नसावा. असे केल्यास नमुन्याची संख्या कदाचित घटेल. परंतु ज्या अभ्यासात एकही विद्यार्थी नकार देत नाही, तेथे संमती घेतली गेली की आज्ञा पाळली गेली, हे संशोधकाने स्वत:लाच विचारावयास हवे.