‘मला आधीच कळलं होतं’

चित्रपट संपतो आणि पडद्यावर एक पाटी येते. तुम्ही जे पाहिलंत ते मित्रांना सांगू नका, त्यांची मजा घालवण्याचा दुष्टपणा करू नका, अशा अर्थाची. आँरी-जॉर्ज क्लूझो या फ्रेंच दिग्दर्शकाच्या ‘ले दियाबोलिक’चा हा शेवट. साल १९५५. ‘स्पॉयलर’ हा शब्द आपल्या तोंडी बसायच्या कितीतरी आधीचं. मराठी रहस्यनाटकं पाहणाऱ्यांना तर ही विनंती ओळखीचीच वाटेल.

आज ती पाळणं जवळजवळ अशक्य आहे. चित्रपटाचं नाव सर्च केलं तरी शेवट समोर येतो. आणि कुणी सांगितला नाही, तरी आपण तो शोधतोच. इतके थ्रिलर पाहून आपण तयार झालोय की पहिल्या वीस मिनिटांत ‘खरा खुनी कोण’ यावर पैज लागते. त्यामुळे या सिनेमाबद्दल आजच्या प्रेक्षकाकडून सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘मला आधीच कळलं होतं’. ते बहुतेक वेळा खरंही असतं. पण ते म्हणणाऱ्याच्या हातून सिनेमातलं काहीतरी मोठं निसटलेलं असतं, असं मला वाटतं. का, ते सांगायचं तर शेवट सांगावाच लागेल. तो पुढे येईल. त्याआधी सावध करेन.

गोष्ट साधी आहे. पॅरिसजवळ मुलांची एक खासगी निवासी शाळा. शाळा क्रिस्तिनाच्या पैशांवर चालते, पण हुकूम चालतो तिचा नवरा मिशेल याचा. तो हेडमास्तर. कंजूष आणि क्रूर. क्रिस्तिनाचं हृदय कमजोर आहे. निकोल ही शाळेतलीच शिक्षिका, मिशेलची प्रेयसी. तिलाही तो मारतो. पहिल्यांदा दिसते तेव्हा तिने काळा गॉगल लावलाय, डोळ्यावरचा मार लपवायला. या दोघी मिळून मिशेलला संपवायचं ठरवतात. निओर गावातल्या निकोलच्या घरी त्याला बोलावतात, दारूत औषध घालतात, बाथटबमध्ये बुडवतात. वेताच्या मोठ्या पेटीत घालून रातोरात शाळेत आणतात आणि शाळेच्या घाणेरड्या तलावात टाकतात. काही दिवसांनी तलाव उपसला जातो. तळाशी काहीच नसतं.

खुनापर्यंतचा भाग अनेकांना ‘स्लो’ वाटतो. माझ्या मते क्लूझोचं खरं काम तिथेच चालू आहे. जेवणाच्या हॉलमध्ये, सगळ्या मुलांसमोर, मिशेल बायकोला खराब मासा गिळायला लावतो. तिच्या घशाखाली तो घास उतरेपर्यंत कॅमेरा सोडत नाही. तिथे आपण मनात निकाल देऊन टाकतो: हा माणूस मेला पाहिजे. एकदा तो निकाल दिला की आपण कटात सामील होतो. निओरच्या घरात वरच्या मजल्यावरचे भाडेकरू रेडिओ ऐकत असतात. एवढ्या रात्री टबात पाणी सोडल्याचा आवाज पाइपांमधून त्यांना ऐकू येतो आणि ते वैतागतात. वाटेत पेट्रोल पंपावर एक दारुडा सैनिक गाडीच्या मागे, नेमका त्या पेटीपाशी, चढू बघतो. दोन्ही वेळा आपला श्वास अडकतो. कुणासाठी? खून करणाऱ्यांसाठी.

आणि हे सगळं पार्श्वसंगीताशिवाय. संगीत सुरुवातीला आणि शेवटी आहे, मध्ये जवळजवळ नाहीच. घाबरा, असं सांगणारं कुणी नाही. नळ, पावलं, दारं, टाइपरायटर, एवढंच ऐकू येतं. म्हणून फोनवर बघणार असाल तर हेडफोन लावा, आणि मध्ये नोटिफिकेशन बघू नका.

आता सावध करतो. इथून पुढे शेवट आहे.

मिशेल मेलेलाच नसतो. तो आणि निकोल एकत्र असतात. सगळा बनाव क्रिस्तिनासाठी: तिला इतकं घाबरवायचं की तिचं हृदय बंद पडेल. एका रात्री ती अंधाऱ्या कॉरिडॉरमधून चालते, बाथरूममध्ये पोहोचते आणि टबातून मिशेल उठून उभा राहतो. ती भिंतीला टेकत खाली सरकते आणि मरते. तो शांतपणे डोळ्यांवरची पांढरी आवरणं काढतो.

मी हा सिनेमा एकदा तीन मित्रांसोबत लॅपटॉपवर पाहिला. त्यातल्या एकाने तासाभरातच ‘तो जिवंत आहे’ म्हणून सांगितलं होतं. मिशेल टबातून उठला तेव्हा तो ओरडला, ‘सांगितलं होतं ना!’ बाकीच्यांनी टाळी दिली. त्या क्षणी पडद्यावर एक बाई जमिनीवर मरत होती. आणि काही सेकंदांतच मिशेल आणि निकोल एकमेकांच्या मिठीत होते, कारण त्यांचाही अंदाज बरोबर आला होता. खोलीतला आनंद आणि पडद्यावरचा आनंद एकाच गोष्टीचा होता.

मित्राला दोष देण्यात अर्थ नाही. कोडं सोडवायची सवय आपल्याला अशीच बघायला लावते. पात्रं पुरावे होतात, आणि क्रिस्तिना पुरावा म्हणून निरुपयोगी आहे, कारण ती काहीच लपवत नाही.

नंतर चर्चा होते ती प्लॅनमधल्या भोकांची. इतका वेळ मेल्याचं सोंग कसं करता येईल? कुणी डॉक्टरला बोलावलं असतं तर? माझं पोट सॉफ्टवेअरवर चालतं, त्यामुळे भोकं मलाही दिसतात. पण तो अख्खा प्लॅन एकाच गृहीतकावर उभा आहे: क्रिस्तिना भीतीने नीट बघणारच नाही. टबाजवळ ती तोंड फिरवते. आपणही तिच्यासोबत फिरवतो.

म्हणून हा सिनेमा शेवट माहीत असताना दुसऱ्यांदा पाहावा. तेव्हा तो रहस्यपट राहत नाही. निकोल दर वेळी क्रिस्तिनाला धीर देते, खंबीर राहा म्हणते, तिचा हात धरते. पहिल्यांदा ती मैत्री वाटते; दुसऱ्यांदा कळतं की ही मदत हेच हत्यार आहे. आणि डोळ्यावरचा तो मार? तो खरा होता की नाटकाचा भाग? सिनेमा उत्तर देत नाही. दोन्ही उत्तरं भयंकर आहेत.

ज्या कादंबरीवरून हे घेतलं, ती ब्वालो-नार्सजाक या लेखकजोडीची. तिथे उलटं आहे: नवरा आणि त्याची प्रेयसी मिळून बायकोला मारतात आणि भीती नवऱ्याला ग्रासते. क्लूझोने बळीच्या जागी बायकोला आणलं. त्या भूमिकेत त्याची स्वतःची बायको, वेरा क्लूझो. १९६० मध्ये, वयाच्या अवघ्या ४६व्या वर्षी, ती हृदयविकाराच्या झटक्याने गेली. हे कळल्यावर कॉरिडॉरमधलं ते चालणं ‘थ्रिल’ म्हणून बघता येत नाही.

याच जोडीच्या दुसऱ्या कादंबरीवर हिचकॉकने ‘व्हर्टिगो’ (१९५८) केला. कादंबरीतलं रहस्य शेवटी उलगडतं. हिचकॉकने ते सिनेमा बराच उरलेला असतानाच प्रेक्षकाला सांगून टाकलं. मग आपल्याकडे ओळखायला काही उरत नाही, आणि आपण त्या बाईकडे बघू लागतो. क्लूझो तेच आपल्यावर सोडतो. पुन्हा बघितलं तर क्रिस्तिना दिसेल, नाहीतर फक्त उत्तर मिळेल.

शेवटी म्वाने नावाच्या मुलाबद्दल. मधल्या भागात तो सांगतो की हेडमास्तरांना मी पाहिलं. सगळे त्याला खोटारडा ठरवतात. तो खरं बोलत होता. क्रिस्तिना गेल्यानंतर तोच मुलगा पुन्हा काच फोडतो. गलोल कुठून आली? बाईंनी परत दिली, तो म्हणतो. मी त्यांना पाहिलं. त्याला पुन्हा शिक्षा होते, आणि मग ती पाटी येते.

हे कुणालाच ‘आधी कळलेलं’ नसतं. क्रिस्तिना वाचली, की मुलगा कल्पना करतोय, की आणखी काही? मी तीनदा पाहिलाय आणि ठरवू शकलेलो नाही. पण ज्याचं पहिल्यांदा कुणी ऐकलं नाही, त्याच्यावर दुसऱ्यांदा आपण तरी विश्वास ठेवतो का, एवढं स्वतःला विचारून बघा. पाटीने ते मित्रांना सांगायला बंदी केलेली नाही.