तोतया वारसाची नेमणूक

वारसाहक्काच्या बनावट पत्राची समीक्षा करायची म्हटलं की आधी हसूच येतं. कुणी परदेशी वकील, अपघातात कुटुंबासह गेलेला कोट्यधीश, बँकेत बेवारस पडलेली ठेव, आणि वारस कोण, तर आपण! पण जे कथानक दोनशे वर्षं चालतं आहे, त्याला हसून मोकळं होता येत नाही. गुन्हेगारीतून पोलिसांत आलेल्या फ्रान्सच्या व्हिदोकनं १८२८च्या आपल्या आठवणींत ‘जेरुसलेमच्या पत्रां’चं वर्णन केलं आहे. ही पत्रं तुरुंगातून लिहिली जात. क्रांतीच्या धामधुमीत उमरावाबरोबर पळताना नोकरानं सोन्या-हिऱ्यांची पेटी दडवली, आता तो कैदेत आहे, थोडी मदत झाली तर पेटी हाती लागेल. आज पेटीच्या जागी बँकखातं आलं, उमरावाच्या जागी ठेवीदार. आराखडा तोच.

मध्यंतरी टपालानं माझ्या नावे आलेलं पत्र याच घराण्यातलं. जाड कागद, वकिलाचा शिक्का आणि माझ्याच आडनावाचा, म्हणजे पाटील, एक मृत खातेदार. आता पाटील हे मुळात गावच्या अधिकाराचं नाव. ते कितीतरी जातींत आणि गावोगावी आहे. दोन पाटील म्हणजे नातेवाईक, असं आपल्याकडे शाळकरी पोरही म्हणणार नाही.

पत्र नीट वाचलं तर तेही तसं म्हणत नाही. ते म्हणतं, आडनाव जुळतंय, तेव्हा मी तुम्हाला वारस म्हणून उभं करतो, रक्कम निम्मी-निम्मी, कुठं बोलू नका. पानिपतानंतर प्रकटलेला सदाशिवरावभाऊंचा तोतया आपल्याला इतिहासातून ठाऊक आहे. तो स्वतःहून आला होता. इथं मात्र पत्ता शोधून तोतया नेमला जातो. ज्याला फसवायचं, त्यालाच आधी कटात सामील करून घेतलं जातं. पुढं ‘शुल्क’ म्हणून पैसे गेले, की तक्रार करायला जाणाऱ्याला स्वतःचा खोटेपणाही सांगावा लागतो. ‘कुठं बोलू नका’ हे वाक्य म्हणूनच या मजकुरातलं सर्वांत विचारपूर्वक लिहिलेलं वाक्य आहे.

मग बाकीचा मजकूर इतका ढिसाळ का? मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२च्या निबंधात याचं उत्तर दिलं. पत्र पाठवणं स्वस्त, पण उत्तर देणाऱ्याशी पुढं महिनोन्‌महिने बोलत राहणं महाग. म्हणून शहाण्यांनी पहिल्या ओळीतच हसून कागद फेकावा, हेच लिहिणाऱ्याला हवं असतं. आमच्या धंद्यात याला ‘फॉल्स पॉझिटिव्ह’ कमी करणं म्हणतात. युक्तिवाद मला पटतो, पण त्यातून निघणारी एक गोष्ट टोचते: आपलं हसणं ही पत्राची फजिती नसून त्याचं ठरलेलं काम आहे. हसून आपण गाळले जातो आणि उरलेला माणूस एकटा पडतो.

लिहिणाऱ्याची बाजू कळायला आडाओबी ट्रिशिया न्वाउबानी यांची ‘आय डू नॉट कम टू यू बाय चान्स’ (२००९) ही कादंबरी वाचावी. नायक किंग्जली केमिकल इंजिनिअर, घरातला थोरला मुलगा. शिक्षणावर श्रद्धा ठेवणारे वडील आजारी, नोकरी नाही, आणि पैसा आहे तो फक्त ‘कॅश डॅडी’ नावाच्या मामाकडे. त्याचा धंदा ‘फोर-वन-नाइन’, म्हणजे नायजेरियाच्या फौजदारी कायद्यातलं फसवणुकीचं कलम ४१९. आपल्या जुन्या दंडसंहितेतही ४१९ हे तोतयेगिरी करून फसवण्याचंच कलम होतं! पदवी हातात घेऊन किंग्जली या धंद्यात शिरतो, तेव्हा माझ्यासारख्या इंजिनिअर वाचकाला त्याचा तिरस्कार करणं जमत नाही. हे कादंबरीचं यश आहे. पण निवेदन त्याचंच असल्यामुळे पैसे पाठवणारे दूर राहतात, हास्यास्पद दिसतात. हर्लींच्या गणितात वाचक ही निव्वळ संभाव्यता, तर कादंबरीत तो विनोदाचा विषय.

त्या वाचकाला नुसतं ‘हावरट’ म्हणणं ही आळशी समीक्षा आहे. पत्र पैशाचं आमिष दाखवतं हे खरं, पण त्याआधी ते माणसाला नावानं हाक मारतं. जगात कुठंतरी तुमची गरज आहे, एवढ्या लोकांतून तुम्हालाच निवडलंय, असं सांगतं. निवृत्त, एकट्या, बाहेरून फारसं काही न येणाऱ्या घरात असं पत्र कसं वाचलं जात असेल, याचा विचार आपण विनोद म्हणून ते पुढं पाठवताना करत नाही. फसलेला माणूस गप्प बसतो, त्यात लिहिणाऱ्यानं घातलेल्या अटीचा वाटा आहे, तसा आपल्या हसण्याचाही आहे.